जुन्या लॅपटॉपचे वायफाय : आधी निदान, मग निकाल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातला राउटर बदलला, मोबाइल आणि टीव्ही लगेच जोडले गेले, पण जुना लॅपटॉप मात्र नवे नेटवर्क दाखवतच नाही, किंवा दाखवले तरी अचूक पासवर्ड देऊनही जोडला जात नाही, ही तक्रार संगणक दुरुस्तीच्या कामात मला सतत ऐकावी लागते. तक्रारीपेक्षा अधिक खटकते ते तिला सर्रास मिळणारे उत्तर : ‘लॅपटॉप जुना झाला, आता नवा घ्या.’ यंत्र उघडून न पाहता, राउटरच्या सेटिंगकडे न फिरकता दिलेले हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते. त्यापायी टंकलेखन, हिशेब, मुलांचा अभ्यास, ईमेल, बातम्यांचे वाचन या साऱ्या कामांना आणखी काही वर्षे सहज पुरतील अशी यंत्रे मोडीत निघतात. उलट बाजूला, असा लॅपटॉप ‘कसाबसा’ जोडून देण्यासाठी सगळ्या घराच्या नेटवर्कची सुरक्षितता खाली आणणारेही काही जण आहेत, आणि ते तर जास्तच घातक आहे. या दोन्ही चुका टाळता येतात, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मुळात जुना लॅपटॉप आणि नवा राउटर यांचे जमावे, अशीच या तंत्रज्ञानाची रचना आहे. बिनतारी नेटवर्कचे ८०२.११ हे मानक आयईईई या संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा त्याचा कमाल वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. १९९९ मध्ये ‘बी’ आवृत्तीने तो ११ वर नेला, २००३ मध्ये ‘जी’ आवृत्तीने ५४ वर, आणि २००९ मध्ये आलेल्या ‘एन’ आवृत्तीने कागदोपत्री ६०० मेगाबिटपर्यंत मजल मारली. आज बाजारात ‘वायफाय ६’ म्हणून ओळखली जाणारी आवृत्ती ही याच मालिकेतली ‘एएक्स’ होय. ४, ५, ६ हे सुटसुटीत क्रमांक तर २०१८ मध्ये वापरात आले, त्यामुळे त्याआधीच्या लॅपटॉपच्या कागदपत्रांत ते शोधू नयेत. महत्त्वाचे हे, की रेडिओ लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रत्येक नवी आवृत्ती जुन्या यंत्रांना सामावून घेण्याची सोय ठेवत आली आहे. २००५ सालचा, ‘जी’ आवृत्तीचे बिनतारी कार्ड (लॅपटॉपमधला वायफायचा सुटा भाग) असलेला लॅपटॉप आजच्या राउटरला जोडला जाऊ शकतो. तो जोडला जात नसेल तर कुठेतरी एखादी अट आडवी आली आहे आणि ती शोधली पाहिजे.

शोधाची सुरुवात लॅपटॉपच्या कडेपासून करावी. साधारण २०१२ पर्यंतच्या अनेक लॅपटॉपवर पुढच्या किंवा बाजूच्या कडेला वायफाय चालू-बंद करणारी सरकती कळ असते. ती नखाएवढी लहान आणि यंत्राच्याच रंगाची असल्यामुळे वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसते. पिशवीत घालताना-काढताना ती सरकते आणि ‘वायफाय गेले’ असा निष्कर्ष निघतो. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो प्रकार इथे नेहमी घडतो. ज्या यंत्रांवर अशी कळ नसते तिथे ‘एफएन’ आणि वरच्या रांगेतील अँटेनाचे चित्र असलेली कळ एकत्र दाबावी लागते. काही यंत्रांत बायोसमध्येच (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्येच) बिनतारी कार्ड बंद करण्याची सोय असते, तीही एकदा पाहून घ्यावी. लिनक्स (विंडोजसारखीच संगणक चालवणारी एक यंत्रणा) वापरणाऱ्यांना ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा दिली की अडथळा सॉफ्टवेअरचा आहे की प्रत्यक्ष कळीचा, हे दोन वेगळ्या ओळींत स्पष्ट दिसते. त्यात ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर कितीही आज्ञा दिल्या तरी उपयोग नाही, कळच शोधावी लागते.

कळ ठीक असेल तर पुढचा प्रश्न ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आणि इथे थोडे थांबून काम केले तर पुढची बरीच धावपळ वाचते. विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘नेटवर्क अडॅप्टर्स’च्या खाली बिनतारी कार्डाचे नाव आहे का, ते पाहावे. नाव नसून दुसरीकडे पिवळ्या खुणेसह ‘अननोन डिव्हाइस’ किंवा ‘नेटवर्क कंट्रोलर’ अशी नोंद असेल, तर कार्ड जिवंत आहे, फक्त त्याला चालवणारा ड्रायव्हर नाही. त्या नोंदीवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग ‘हार्डवेअर आयडीज’ असे गेले की अंक-अक्षरांची एक लांब ओळ दिसते. तिच्यातील पहिला चार अंकी संकेत चिप कोणाची ते सांगतो आणि दुसरा नेमकी कोणती ते. ८०८६ म्हणजे इंटेल (१९७८ सालच्या आपल्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच आकडा या कंपनीने ओळख म्हणून वापरला आहे), १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस, १०ईसी म्हणजे रिअलटेक. लॅपटॉपच्या मॉडेलवरून ड्रायव्हर शोधण्यापेक्षा या संकेतावरून शोधणे कितीतरी भरवशाचे आहे, कारण एकाच मॉडेलमध्ये उत्पादकाने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डे बसवलेली असतात. ड्रायव्हर उतरवून घेताना तो लॅपटॉपच्या किंवा चिपच्या उत्पादकाकडूनच घ्यावा. ‘तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ अशी जाहिरात करणारी सॉफ्टवेअर मी कोणत्याही यंत्रावर बसवू देत नाही. त्यांच्यासोबत नको ती सामग्री घरात शिरते.

इथे नेमकी अडचण येते ती अशी, की ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा. ही कोंडी फोडायला दोन साधे मार्ग आहेत. जुन्या लॅपटॉपना नेटवर्क केबलचे पोर्ट बहुधा असतेच, तेव्हा राउटरपासून थेट केबल जोडावी. केबल नसेल तर अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्याच यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. लॅपटॉपला ते केबलचे नेटवर्क वाटते, आणि विंडोज ७ व त्यापुढच्या आवृत्त्यांत, तसेच लिनक्समध्ये, बहुतेक वेळा काहीही वेगळे न बसवता ते चालते. मोबाइल स्वतः वायफायवर असला तरी टेदरिंग होते, म्हणजे मोबाइलचा डेटाही खर्ची पडत नाही. एवढी सोपी गोष्ट माहीत नसल्यामुळे लोक पेन ड्राइव्ह घेऊन शेजाऱ्यांकडे खेपा घालतात, म्हणून ती मुद्दाम सविस्तर लिहिली.

ड्रायव्हर आहे, कार्ड चालू आहे, शेजारपाजारची नेटवर्कही दिसत आहेत, पण आपलेच दिसत नाही, असे असेल तर लॅपटॉप सोडून राउटरकडे वळावे. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. पहिले कारण पट्ट्याचे. ‘बी’ आणि ‘जी’ कार्डे, तसेच स्वस्त लॅपटॉपमधील असंख्य ‘एन’ कार्डे केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरने तो पट्टा बंद ठेवून केवळ ५ गिगाहर्ट्झ चालू ठेवला असेल तर त्यांना काहीच दिसणार नाही. ६ गिगाहर्ट्झचा तर त्यांच्याशी संबंधच येत नाही. नवे राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देऊन कोणत्या यंत्राला कुठे ठेवायचे ते स्वतः ठरवतात. ही सोय बंद करून २.४ च्या नेटवर्कला वेगळे नाव दिले की लॅपटॉप नेमका कशाला जोडला जातो आहे, हे आपल्याला कळते.

दुसरे कारण चॅनेलचे, म्हणजे त्या पट्ट्यातील क्रमांक दिलेल्या छोट्या वाटांचे, आणि ते फार थोड्यांना माहीत असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जगातील बहुतेक देशांत १ ते १३ क्रमांकाचे चॅनेल वापरता येतात, पण अमेरिकेत प्रत्यक्षात १ ते ११ वापरले जातात. परिणामी अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या कार्डांना १२ आणि १३ हे चॅनेल ऐकूच येत नाहीत. राउटर ‘ऑटो’वर असेल तर तो कमी गर्दीचा म्हणून कधी तरी १३ निवडतो आणि लॅपटॉपच्या दृष्टीने घरातले नेटवर्क नाहीसे होते, वीज जाऊन आली की राउटर पुन्हा ६ वर येतो आणि सगळे सुरळीत चालते. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या लॅपटॉपची हीच गत होती. त्यांच्या आयुष्यभराच्या टिपणांचे संकलन त्यावर होते, दोन ठिकाणी ‘कार्ड गेले’ असे ऐकून त्या आल्या होत्या, आणि ‘कधी चालते, कधी दोन-दोन दिवस चालत नाही’ एवढेच त्यांना सांगता येत होते. “बाई, ते बंद पडते तेव्हा शेजारची नेटवर्क दिसतात का?” असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “ती सगळी दिसतात हो, माझेच तेवढे दिसत नाही.” त्यांच्या या एका वाक्यात निदान होते. कार्ड गेले असते तर शेजारची तरी कशी दिसली असती? राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन चॅनेल ११ वर पक्का केला, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली, आणि त्यानंतर त्या लॅपटॉपची तक्रार आली नाही. चॅनेल पक्का करताना १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडावा, कारण एका चॅनेलपासून दुसऱ्याचे अंतर जेमतेम ५ मेगाहर्ट्झ असल्यामुळे मधले चॅनेल एकमेकांवर चढतात आणि हे तीनच एकमेकांपासून मोकळे राहतात.

आणखी एक कारण अलीकडे वाढले आहे. राउटरने ‘एएक्स’ पद्धतीने केलेली स्वतःची घोषणा काही जुन्या ड्रायव्हरना वाचताच येत नाही आणि ते त्या नेटवर्कला यादीतून वगळतात. चांगल्या स्थितीतल्या, तुलनेने अलीकडच्या इंटेल कार्डांनाही हा त्रास झालेला आहे आणि नवा ड्रायव्हर बसवल्यावर तो गेलेला आहे. नवा ड्रायव्हर उपलब्धच नसेल तर राउटरवर २.४ गिगाहर्ट्झपुरती ‘एएक्स’ पद्धत बंद करून ‘बीजीएन’ ठेवावी. ५ गिगाहर्ट्झवरच्या नव्या मोबाइलना त्याची झळ लागत नाही. फार जुन्या, म्हणजे २००३ च्या सुमाराच्या इंटेलच्या पहिल्या ‘सेंट्रिनो’ संचाच्या लॅपटॉपमधील कार्ड फक्त ‘बी’ जाणते. राउटर ‘जी-एन’वर ठेवला असेल तर ते बाहेरच राहणार.

आता सुरक्षिततेविषयी, कारण हे पत्र लिहिण्यामागचा खरा कळकळीचा मुद्दा तोच आहे. नेटवर्क दिसते पण जोडले जात नाही, तेव्हा वाद बहुधा कूटलेखनाच्या, म्हणजे हवेतून जाणारी माहिती गुप्त ठेवण्याच्या, पद्धतीवर असतो. वायफायची पहिली पद्धत डब्ल्यूईपी. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तिघा संशोधकांनी तिच्यातील मूलभूत दोष दाखवून दिला, आणि २००७ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी ती एका मिनिटाच्या आत फोडता येते, हे सिद्ध केले. २००३ मध्ये तात्पुरता उपाय म्हणून डब्ल्यूपीए आले, २००४ मध्ये त्याची पक्की आवृत्ती डब्ल्यूपीए-२, आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३. जुलै २०२० पासून वायफायचे प्रमाणपत्र घेणाऱ्या प्रत्येक नव्या यंत्राला डब्ल्यूपीए-३ येणे सक्तीचे झाले आहे. त्यामुळे अनेक नवे राउटर एक तर केवळ डब्ल्यूपीए-३ किंवा ‘डब्ल्यूपीए-२ / डब्ल्यूपीए-३ मिश्र’ अशा स्थितीत चालू होतात. मिश्र स्थितीत जुन्या लॅपटॉपला नियमाप्रमाणे जागा असते, पण त्या घोषणेतील अनोळखी भाग पाहून काही जुने ड्रायव्हर गोंधळतात आणि ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असा दिशाभूल करणारा संदेश देतात. माणूस बिचारा पासवर्ड पुन्हा पुन्हा टंकत बसतो.

अशा वेळी काही जण राउटरवर डब्ल्यूईपी तरी लावून देतात, किंवा पासवर्डच काढून नेटवर्क उघडे ठेवतात. लॅपटॉप लगेच जोडला जातो, ग्राहक समाधानाने घरी जातो, आणि त्या दिवसापासून त्या घरातील प्रत्येक मोबाइल, प्रत्येक कॅमेरा आणि प्रत्येक बँक-व्यवहार ज्या नेटवर्कवरून होतो त्याचे दार सताड उघडे राहते. याविरुद्ध मी कळकळीने सांगू इच्छितो, की एका यंत्राच्या सोयीसाठी सगळ्या घराचे कुलूप काढू नये. योग्य उपाय अवघडही नाही. आजच्या बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क, म्हणजे ‘गेस्ट नेटवर्क’, करता येते. ते फक्त २.४ गिगाहर्ट्झवर सुरू करावे, त्याला ‘डब्ल्यूपीए-२ पर्सनल, एईएस’ हीच एक पद्धत द्यावी, वेगळा आणि लांब पासवर्ड ठेवावा, आणि जुना लॅपटॉप त्यावर नांदू द्यावा. घरचे मुख्य नेटवर्क डब्ल्यूपीए-३ वर जसेच्या तसे राहते. ‘टीकेआयपी’ हा पर्याय निवडू नये. तो दुबळा तर आहेच, शिवाय त्याच्याबरोबर ‘एन’ कार्डाचा वेगही ५४ मेगाबिटच्या वर जात नाही. ‘डब्ल्यूपीएस’ची कळ दाबून जोडण्याची सोय मोहाची असली तरी तिच्या पिन पद्धतीतील कच्चा दुवा २०११ पासून जगजाहीर आहे, तेव्हा ती बंदच ठेवावी. आणि एखादे कार्ड इतके जुने असेल की त्याला डब्ल्यूईपीखेरीज काही येतच नाही, तर त्या कार्डाला निरोप द्यावा. लॅपटॉपला निरोप देण्याचे कारण नाही, ते पुढे सांगतो.

नेटवर्कच्या नावाबद्दल मराठी वाचकांना उपयोगी पडेल अशी एक बाब आहे. नावाला ३२ बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षराला तीन आणि काना, मात्रा, वेलांटी यांनाही प्रत्येकी तीन. म्हणजे ‘माझे घर’ एवढ्यातच १९ बाइट खर्च होतात. शिवाय जुन्या यंत्रणा असे नाव धड दाखवत नाहीत. नुसती चौकोनांची किंवा निरर्थक चिन्हांची ओळ दिसते आणि वापरणारा ते कुणाचे तरी परके नेटवर्क समजून सोडून देतो. आपल्या लिपीत नाव ठेवण्याची हौस मला मनापासून आवडते, पण जुन्या लॅपटॉपसाठी केलेल्या वेगळ्या नेटवर्कला साधे रोमन नाव द्यावे आणि पासवर्डही रोमन अक्षरे व अंक यांचाच ठेवावा. नाव लपवून ठेवण्याने सुरक्षितता वाढत नाही, जुन्या यंत्राचा त्रास तेवढा वाढतो.

काही वेळा वायफाय जोडले जाते, खूण पूर्ण दिसते, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही. अशा वेळी आधी लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. जुन्या कार्यालयातील ठरावीक पत्ता कुणी हाताने भरून ठेवला असेल तर तो काढून ‘आपोआप मिळवा’ असे करावे. पत्ता ठीक असेल तर घड्याळाकडे पाहावे, आणि हे मी अगदी गंभीरपणे सांगत आहे. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असली की लॅपटॉप दर वेळी एखाद्या जुन्या साली जागा होतो. त्या तारखेला आजच्या संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे जन्मालाही आलेली नसतात, म्हणून ब्राउझर ती नाकारतो आणि दोष वायफायच्या माथी येतो. तारीख दुरुस्त केली, बॅटरी बदलली की काम झाले. घड्याळ बरोबर असूनही हेच होत असेल तर यंत्रणेतील मूळ प्रमाणपत्रे (ज्यांच्या आधारे संकेतस्थळांची प्रमाणपत्रे तपासली जातात ती) कालबाह्य झालेली असू शकतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असंख्य संकेतस्थळे ज्यावर विसंबून होती असे एक मूळ प्रमाणपत्र संपले आणि जुन्या यंत्रणांवर एकाएकी अर्धे इंटरनेट दिसेनासे झाले. त्यातच २०२० पासून प्रमुख ब्राउझरांनी टीएलएसच्या (संकेतस्थळाशी सुरक्षित जोडणीच्या पद्धतीच्या) १.० आणि १.१ या आवृत्त्या बंद केल्या. हे वायफायचे दुखणेच नव्हे, आणि कार्ड बदलून ते बरे होणार नाही.

प्रत्यक्ष बिघाड असेल तर तो बहुधा अँटेनाच्या तारेत सापडतो. लॅपटॉपची अँटेना पडद्याभोवती झाकणात असते आणि तिच्यापासून निघालेल्या दोन बारीक तारा, बहुधा एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतून खाली येऊन कार्डावर टिचबटणासारख्या दाबून बसवलेल्या असतात. बिजागरी सैल झाली किंवा कुणी रॅम बदलताना धक्का लागला की यातली एक सुटते. मग राउटरच्या शेजारी बसले तर नेटवर्क मिळते आणि दुसऱ्या खोलीत गेले की तुटते. बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढून, खालचे झाकण उघडून, टोक बरोबर मध्यावर धरून अंगठ्याने हलकेच दाबले की ते बसल्याचे जाणवते. जोर लावू नये, कारण कार्डावरचे ते कडे निघून आले तर पुन्हा बसवणे कठीण. कार्डच बदलायचे असेल तर मिनी पीसीआय, मिनी पीसीआय एक्सप्रेस आणि एम.२ हे तीन पिढ्यांचे तीन वेगळे साचे आहेत, एकाचे दुसऱ्यात बसत नाही. शिवाय काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये बायोस केवळ स्वतःच्या यादीतील कार्डेच स्वीकारतो आणि परके कार्ड दिसताच यंत्र सुरूच होऊ देत नाही. ग्राहकाने पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावर अशी अट घालणे मला कधीच पटलेले नाही.

या सगळ्या कटकटीतून सुटायचे असेल तर यूएसबीचे वायफाय अडॅप्टर घ्यावे. नव्या लॅपटॉपच्या मानाने त्याचा खर्च नगण्य असतो, जुन्या कार्डाला डब्ल्यूपीए-२ येत नसले तरी याला येते, आणि यूएसबी २.० पोर्टचा ४८० मेगाबिटचा वेग घरगुती वापराला पुरेसा आहे. घेताना मात्र खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांपेक्षा आत कोणती चिप आहे, हे विचारावे, कारण एकाच मॉडेल क्रमांकाखाली आवृत्तीगणिक चिप बदललेली असते आणि विंडोज ७ किंवा लिनक्सवर ते चालणार की नाही हे सर्वस्वी त्या चिपवर ठरते. नखाएवढ्या अडॅप्टरपेक्षा बाहेर अँटेना असलेले बरे. आतले जुने कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करायला विसरू नये, अन्यथा दोघांची ओढाताण होते. तसेच ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे’ या पर्यायापुढची खूण काढावी. थोड्या थोड्या वेळाने तुटणाऱ्या जोडणीचे ते एक नेहमीचे कारण आहे.

शेवटी यंत्रणेचा प्रश्न टाळता येत नाही. विंडोज एक्सपीची सुरक्षा अद्यतने एप्रिल २०१४ मध्ये आणि विंडोज ७ ची जानेवारी २०२० मध्ये थांबली; विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. २०१७ मध्ये बेल्जियमचे संशोधक मॅथी व्हॅनहूफ यांनी डब्ल्यूपीए-२ मधला ‘क्रॅक’ नावाने गाजलेला दोष दाखवला, तेव्हा त्यावरचा इलाज सॉफ्टवेअरच्या अद्यतनातून आला. ज्या यंत्रणेला अद्यतनेच मिळत नाहीत, तिच्यात असे दोष तसेच राहतात. म्हणून अशा लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करू नयेत, आणि इंटरनेटला जोडायचाच असेल तर त्यावर लिनक्सची हलकी आवृत्ती बसवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लिनक्समध्ये अथेरॉसची बरीच जुनी कार्डे काही न करता चालतात, इंटेलच्या कार्डांना फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल लागते, आणि ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांचे फर्मवेअर परवान्याच्या अडचणीमुळे अनेकदा वेगळे आणावे लागते. पूर्वी इथेच नवशिक्यांचा धीर सुटत असे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ या लिनक्सच्या आवृत्तीपासून अशा कितीतरी कार्डांचे फर्मवेअर अधिकृत स्थापना-संचातच समाविष्ट झाले आहे, आणि त्यामुळे हे काम खूपच सोपे झाले आहे. बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स नुसते चालवून वायफाय लागते का, ते पाहता येते, आणि लॅपटॉपवरील कशालाही धक्का लागत नाही. ३२ बिटचे प्रोसेसर असलेल्या यंत्रांसाठी पर्याय मात्र वेगाने कमी होत आहेत, आणि रॅम १ जीबीच्या खाली असेल तर वायफाय लागूनही आजची संकेतस्थळे धडपणे चालत नाहीत. अशा यंत्राच्या मालकाला मी खोटी आशा दाखवत नाही.

माझ्या काही मागण्या आहेत. लॅपटॉप उत्पादकांनी जुन्या मॉडेलांचे ड्रायव्हर संकेतस्थळांवरून काढून टाकू नयेत; विक्री थांबली तरी यंत्र लोकांच्या घरात असते. अडॅप्टर बनवणाऱ्यांनी चिपचे नाव आणि आवृत्ती खोक्यावर ठळकपणे छापावी. इंटरनेट सेवा देणाऱ्यांनी राउटर बसवून देताना ग्राहकाला ‘घरात जुने यंत्र आहे का?’ असे विचारून त्याच वेळी २.४ गिगाहर्ट्झचे वेगळे नेटवर्क करून द्यावे आणि राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड स्वतःकडे न ठेवता ग्राहकाच्या हाती द्यावा, कारण तो नसेल तर वर लिहिलेल्यापैकी निम्मे उपाय घरच्या घरी करताच येत नाहीत. दुरुस्ती करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी डब्ल्यूईपी लावून किंवा नेटवर्क उघडे ठेवून काम उरकणे आजपासून थांबवावे. आणि आपल्या वृत्तपत्राने तंत्रज्ञानाच्या पानावर नव्या यंत्रांच्या परीक्षणांबरोबर जुन्या यंत्रांच्या देखभालीलाही नियमित जागा द्यावी, अशी विनंती आहे. त्यासाठी लागेल ती माहिती मराठीत लिहून द्यायला माझ्यासारखे अनेक जण आनंदाने तयार होतील.

कळावे.

आपला,
संगणक दुरुस्ती करणारा एक वाचक